शर्यतीची कबुतरं पाळायची तर: ढाबळीपासून पहिल्या शर्यतीपर्यंत

या छंदात येणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो: सोडल्यावर कबूतर परत येईल का? त्याहून कामाचा प्रश्न आहे, ते कुठे परत येईल? होमर, म्हणजे लांब नेऊन सोडलं तरी घरी परतणारं कबूतर, मालकाच्या ओढीनं येत नाही आणि दोन ठिकाणांमध्ये ये-जाही करत नाही. त्याला एकच वाट कळते, आपल्या ढाबळीकडची. १८७०-७१ साली पॅरिसला वेढा पडला तेव्हा पॅरिसमधली कबुतरं बलूनमधून शहराबाहेर नेत. तिथे त्यांच्या शेपटीच्या पिसाला सूक्ष्म छायाचित्रांच्या फिल्मवर उतरवलेले निरोप बांधत आणि त्यांना सोडून देत. कबुतरं घरी, म्हणजे पॅरिसला परतत. निरोप फक्त आत यायचे. कबुतराला बाहेर न्यायचं काम माणसाचं, घरी यायचं काम त्याचं. शर्यतीतही हेच होतं: सगळ्यांची कबुतरं एका जागी नेऊन एकाच वेळी सोडतात आणि प्रत्येक पक्षी आपापल्या घराकडे झेपावतो.

हे नीट समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. ढाबळ कशी बांधायची, दाणा कधी घालायचा, पिल्लं कोणत्या वयाची घ्यायची, या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आकाशात असलेल्या पक्ष्याला तुमची ढाबळ साऱ्या जगात जास्त हवीशी वाटली पाहिजे. मी अनेक वर्षं कबुतरं पाळतोय आणि माझी झालेली प्रत्येक मोठी चूक हे विसरल्यामुळे झालेली आहे.

सुरू करण्याआधी

तुमच्या भागात कबुतरं पाळायला परवानगी लागते का, ते आधी विचारून घ्या आणि शेजाऱ्यांशी स्वतः जाऊन बोला. शेजाऱ्याच्या छतावर बसणारी, त्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर घाण करणारी कबुतरं हा भांडणाचा विषय होतो. त्यातला बराचसा भाग टाळता येतो, कारण नीट शिकवलेला थवा उडतो आणि थेट आत जातो, दुसऱ्याच्या छपरावर रेंगाळत नाही.

वेळेचा हिशोब प्रामाणिकपणे करा. सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास, वर्षाचे सगळे दिवस. तुम्ही आजारी पडलात किंवा गावाला गेलात तर हे काम करणारं दुसरं माणूस घरात हवं. नीट ठेवलेलं कबूतर पंधरा वर्षं आणि क्वचित त्याहूनही जास्त जगतं. शर्यतीची वर्षं त्यातली मोजकी. उरलेल्या वर्षांची जबाबदारीही तुमचीच असते.

तिसरी गोष्ट फुप्फुसांची. कबुतरांच्या अंगावर पिठासारखी बारीक भुकटी असते. ती आणि वाळलेल्या शिटेची धूळ वर्षानुवर्षं नाकात गेली की काही लोकांच्या फुप्फुसांना कायमची सूज धरते. कोरडा खोकला, जिना चढताना धाप, काम झाल्यावर चार-सहा तासांनी कणकण ही त्याची लक्षणं. ढाबळ साफ करताना पहिल्या दिवसापासून चांगला मास्क लावा. घरात कुणाला दमा असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ढाबळ

दहा-पंधरा पक्ष्यांसाठी साधारण दोन मीटर रुंद, अडीच मीटर लांब आणि माणूस ताठ उभा राहील एवढी उंच खोली पुरते. उंची मुद्दाम फार ठेवू नये. पक्षी डोक्यावरून घिरट्या घालू लागले की ते कधीच माणसाळत नाहीत आणि एखाद्याला पकडायचं म्हटलं की सगळ्या ढाबळीत धावपळ होते. मधे पडदी घालून दोन भाग करा. पुढे नर-मादी वेगळे ठेवायला किंवा पिल्लं वेगळी काढायला ते लागतंच.

ढाबळ दिसायला देखणी नसली तरी चालेल, कोरडी मात्र हवीच. ओल आली की जंत, कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी), बुरशी सगळं मागोमाग येतं. जमिनीपासून अर्धा मीटर तरी उचलून बांधा, तोंड सकाळच्या उन्हाकडे आणि पाठ पावसाच्या झोताकडे करा. हवा खालून आत यावी आणि वर छपराजवळून बाहेर पडावी, पण बसलेल्या पक्ष्याच्या अंगावर झोत येऊ नये. पहाटे दार उघडल्याबरोबर आत डोकं घालून एक श्वास घ्या. नाकाला झिणझिण्या आल्या तर हवा कमी पडतेय किंवा पक्षी जास्त झालेत. मला ढाबळीचं आरोग्य या एका श्वासात जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशानं कळत नाही.

भिंतीला एक-एक फुटाचे चौकोनी खण करा, पक्ष्यांपेक्षा चार-पाच जास्तच. प्रत्येक कबूतर आपला खण ठरवतं आणि तो जिवापाड राखतं. दमलेल्या पक्ष्याला ओढून आणणाऱ्या गोष्टींत हा एक फुटाचा खणही असतो. खण कमी पडले की रोज मारामाऱ्या होतात, आणि ज्याला घरात जागा नाही त्याला घराची ओढ कुठून येणार?

मग ट्रॅप, म्हणजे आत येण्याचं दार. सर्वांत साधा प्रकार म्हणजे चौकटीत वरून लोंबणाऱ्या हलक्या सळ्यांची रांग. पक्ष्यानं छातीनं ढकललं की सळ्या आत झुलतात, बाहेर मात्र झुलत नाहीत. त्यापुढे उतरायची रुंद फळी. उंदीर, मांजर, साप शिरेल अशी एकही फट ठेवू नका. एका रात्रीत आत शिरलेलं मांजर किती नुकसान करतं ते सांगवत नाही. आणि ते शिरून गेल्यावर जे पक्षी वाचतात त्यांचाही त्या जागेवरचा विश्वास बरेच दिवस उडालेला असतो.

पक्षी कुठले आणि कोणत्या वयाचे

आज शर्यतीत उडते ती रेसिंग होमर ही जात मुख्यतः एकोणिसाव्या शतकात बेल्जियममध्ये घडली. तिचा मूळपुरुष खडकांच्या कपारीत राहणारा रानपारवाच. देखण्या पिसांचं किंवा कोलांट्या मारणारं कबूतर घेऊन शर्यतीची आशा धरू नका. त्या जाती वेगळ्याच कामासाठी घडवलेल्या आहेत.

नियमित शर्यती उडवणाऱ्या अनुभवी माणसाकडून दहा-बारा पिल्लं घ्या. नावाजलेल्या वंशाचं एक महागडं पाखरू घेण्यापेक्षा त्याच ढाबळीतली, दरवर्षी घरी येणाऱ्या साध्या पक्ष्यांची पिल्लं बरी. पिल्लू चार-पाच आठवड्यांचं असावं: स्वतः दाणा टिपतंय, पंखाखालची पिसं भरत आलीत, आवाज अजून चिरका आहे आणि ते एकदाही मोकळ्या आकाशात उडालेलं नाही. शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची. एकदा का त्यानं बाहेर उडून आपल्या जन्मजागेची खूण मनात बसवली, की ते तिथलंच झालं.

मोठी, उडवलेली कबुतरं विकत घेतलीत तर त्यांना फक्त पैदाशीसाठी आणि कायम आतच ठेवायचं. सुरुवातीला मी एक सुंदर निळी जोडी आणली होती. तीन महिने आत ठेवली, त्यांनी अंडी घातली, पिल्लं वाढवली. आता ती माझीच झाली असं समजून मी दार उघडलं. नरानं छपरावर बसून एकदा चौफेर पाहिलं, दोन गिरक्या घेतल्या आणि तो सरळ रेषेत निघून गेला. संध्याकाळी जुन्या मालकाचा निरोप आला, तुमचा नर इथे आलाय म्हणून. त्यात त्याची काहीच चूक नव्हती. ज्या गुणासाठी मी त्याला घेतलं तो गुण त्यानं दाखवला.

घेताना पिल्लू हातात धरून पाहा. त्याचं तोंड तुमच्याकडे, दोन्ही पाय तुमच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, अंगठा पाठीवर पंखांच्या टोकांवरून, दुसरा हात छातीखाली. धरलेलं कबूतर हलकं पण भरीव लागावं. छातीचं हाड सरळ हवं. डोळा कोरडा आणि लखलखीत. चोच उघडून पाहिलं तर घसा गुलाबी, आत पिवळट चिकटा किंवा साय नाही. पायात बंद रिंग असावी आणि तिच्या नंबराचा कागद विकणाऱ्याकडून मागून घ्यावा. ही अखंड रिंग पिल्लू आठवडाभराचं असतानाच घालता येते: पुढची तीन बोटं एकत्र करून तिच्यातून ओवायची, मग मागचं बोट अलगद बाहेर ओढायचं. पुढे पाय वाढला की ती निघत नाही, म्हणून ती त्या पक्ष्याची जन्मभराची ओळख ठरते.

घराची ओळख

सगळ्यांत घाई होते ती इथे, आणि कबुतरंही सगळ्यांत जास्त इथेच हरवतात.

पहिला आठवडा पिल्लांना बाहेर काढूच नका. त्यांना पाणी कुठे, दाणा कुठे, आपला खण कुठला हे कळू द्या. दाणा घालताना प्रत्येक वेळी एकच खूण करा. कुणी शीळ घालतं, मी डब्यात दाणे खुळखुळवतो. खूण आधी, दाणा लगेच नंतर. चार दिवसांत डबा हलला की पिल्लं तुमच्या पायाशी गोळा होतात. हा आवाजच पुढे त्यांना आकाशातून खाली आणणार आहे. म्हणून तो कधी खोटा वाजवू नका: डबा हलवला आणि दाणा दिला नाही, असं एकदाही होता कामा नये.

दुसऱ्या आठवड्यात उतरायच्या फळीवर जाळीचा पिंजरा बसवा आणि रोज तास-दोन तास पिल्लांना त्यात ठेवा. इथून ती आकाश, झाडं, आजूबाजूची छपरं आणि सूर्याची चाल बघतात. बसलेलं पिल्लू मान तिरकी करून एकेका दिशेला किती वेळ टक लावतं ते एकदा जरूर पाहा. त्या तासाभरात ते आपला नकाशा तयार करत असतं. इथूनच त्यांना एकेक करून हातानं सळ्यांतून आत ढकला, म्हणजे ट्रॅपची भीती जाते.

मग पहिली सुटका. संध्याकाळची वेळ, अंधार पडायला दीड-दोन तास बाकी, वारा पडलेला, पिल्लं भुकेली. पिंजरा उचलून बाजूला ठेवा आणि लांब जाऊन शांत बसा. त्यांना हाकलू नका, उडवू नका, टाळ्या वाजवू नका. काही फळीवरच बसतील, काही छपरावर जातील, एखादं धडपडत दोन फेऱ्या मारेल. अर्ध्या तासानं डबा वाजवा. घाबरून एकदम वर उठलेलं पिल्लू वाऱ्याबरोबर वाहत जातं आणि घराची खूण पटण्याआधीच नजरेआड होतं. घाबरवलं नाही तर ही वेळ सहसा येत नाही.

त्यानंतर रोज. दोन-तीन आठवड्यांत ती थव्यानं उडू लागतात, फेऱ्या मोठ्या होत जातात आणि एके दिवशी थवा दिसेनासाच होतो. नवा माणूस त्या दिवशी कासावीस होतो. अर्ध्या-पाऊण तासानं ती सगळी भरारत परत येतात. पुढच्या शिकवणीला पिल्लं तयार झाल्याची हीच खूण.

दाणा आणि पाणी

एका कबुतराला दिवसाला साधारण ३० ग्रॅम दाणा लागतो, थंडीत आणि मेहनतीच्या दिवसांत थोडा जास्त. मका, गहू, ज्वारी, बाजरी यांसारखं धान्य दोन-तृतीयांश, वाटाणा आणि इतर कडधान्य पाव हिस्सा, उरलेलं करडई-सूर्यफुलासारखं तेलबी. पिल्लं वाढवताना आणि पिसं झडताना कडधान्य वाढवा, लांबच्या शर्यतीआधीचे दोन-तीन दिवस मका आणि तेलबी वाढवा. बाकी मिश्रणाच्या गुप्त कृतींमागे लागू नका. धान्य कोरडं, स्वच्छ, बुरशी न लागलेलं असणं हे कुठल्याही कृतीपेक्षा मोलाचं. मूठभर दाणे नाकाशी धरा, किंचितही कुबट वास आला तर सगळं पोतं बाजूला काढा.

दाणा ढिगानं समोर ठेवू नका. दोन वेळा, मोजून, आणि फेरी मारून आल्यावर. शेवटचे काही दाणे टिपताना दोन-चार पक्षी पाण्याकडे वळले की थांबायचं. भरल्या पोटाचं कबूतर छपरावर बसून राहतं, त्याला आत यायची गरजच वाटत नाही. मात्र याचा अर्थ उपाशी मारणं असा कुणी घेऊ नये. सुकवलेल्या पक्ष्यात परतायची ताकदच उरत नाही.

कबूतर दाणा अख्खा गिळतं, तो दळायला पोटात खडे लागतात. म्हणून बारीक खडी, शिंपल्यांचा चुरा, थोडं मीठ आणि कोळसा यांचं मिश्रण वेगळ्या वाटीत कायम ठेवा. पाणी रोज दोनदा बदला, भांडं घासून. आठवड्यातून एकदा उन्हाच्या वेळी पसरट ताटात आंघोळीचं पाणी द्या. एक उतरला की सगळे उतरतात, आणि पाण्यावर पांढरी साय धरते. ती त्यांच्या पिसांची भुकटी. निरोगी कबुतरांचं पाणी असंच दुधट दिसतं.

टोपलीची सवय आणि लांबचे टप्पे

पिल्लं तीन महिन्यांच्या आसपास आली आणि लांब फिरू लागली की टोपली काढायची. आधी एक रात्र त्यांना टोपलीत घरीच ठेवा, बाहेर पाण्याचं भांडं अडकवून. टोपलीतून मान काढून पाणी प्यायला न शिकलेलं कबूतर शर्यतीच्या गाडीत आदली रात्र तहानलेलं काढतं आणि सुटतानाच हरलेलं असतं.

मग टप्पे: २-३ किलोमीटर, ५, १०, २०, ३५, ५०, ८०. पहिले दोन टप्पे दोन-दोनदा करा. ज्या दिशेनं शर्यती होणार त्याच दिशेला जायचं. मोकळी जागा निवडा, जवळ उंच तारा नकोत. पोचल्यावर लगेच झाकण उघडू नका, पंधरा-वीस मिनिटं टोपली खाली ठेवून त्यांना सावरू द्या. सुटल्यावर थवा किती गिरक्या घेतो आणि कोणत्या दिशेला सरळ होतो ते बघा. आठ-दहा टप्प्यांत गिरक्या कमी होत जातात.

हवामानाच्या बाबतीत हट्ट नको. स्वच्छ दिवशी कबूतर सूर्याच्या जागेवरून आणि आपल्या अंगातल्या घड्याळावरून दिशा काढतं. १९७१ साली विल्यम कीटन यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. कबुतरांच्या पाठीवर छोटं चुंबक बांधल्यावर ढगाळ दिवशी त्यांची दिशा चुकत होती, चुंबकाऐवजी तेवढीच पितळेची पट्टी बांधली तर चुकत नव्हती. म्हणजे सूर्य नसला की पृथ्वीचं चुंबकत्व त्यांच्या कामी येतं. हवेतल्या वासांचाही वाटा आहे. घराजवळ आल्यावर रस्ते आणि नद्यांसारख्या खुणा धरून ती उडतात, हेही जीपीएस बांधून केलेल्या अभ्यासांत दिसलं आहे. अनुभवी पक्ष्याकडे या सगळ्या युक्त्या असतात. पिल्लाकडे त्या जेमतेम उमलत असतात. म्हणून धुकं, पाऊस, जोराचा समोरचा वारा किंवा अंगाची लाही करणारं ऊन असेल तर टोपली परत घरी आणा. मी अर्ध्या वाटेतून परत आलोय, आणि त्याचं कधीच वाईट वाटलं नाही.

एक कटू गोष्ट आधीच सांगतो. सगळं नीट केलं तरी पहिल्या वर्षाची काही पिल्लं परत येत नाहीत. बहिरी ससाणा आहे, तारा आहेत, अचानक फिरणारं वारं आहे. त्या संध्याकाळी रिकामा खण बघून जिवाला लागतं आणि लागायलाच हवं. ज्याला लागत नाही तो पुढच्या वेळी धुक्यात टोपली उघडतो.

आजारपण

रोज सकाळी शीट बघा. घट्ट, तपकिरी, डोक्यावर पांढरा ठिपका आणि आजूबाजूला दोन-चार मऊ पिसं पडलेली: सगळं ठीक. हिरवी पातळ किंवा पाण्यासारखी: काहीतरी बिघडलंय. फुगून कोपऱ्यात बसलेला पक्षी लगेच वेगळा काढा. घशातला पिवळा चिकटा म्हणजे बहुधा कँकर, सूक्ष्म परजीवीमुळे होणारा घशाचा रोग. मान वाकडी होणं, दाणा टिपताना नेम चुकणं ही पॅरामिक्झो विषाणूची लक्षणं. चोचीभोवती आणि पायांवर खपल्या म्हणजे देवी, जिचा प्रसार मुख्यतः डासांमुळे होतो. पॅरामिक्झोची लस दरवर्षी टोचून घ्या, मानेच्या मागे कातडीखाली, आणि पिल्लांना शर्यती सुरू होण्याच्या बऱ्याच आधी. नवा पक्षी आणलात तर महिनाभर वेगळा.

पाण्यात अंदाजानं औषधं टाकायची सवय फार ठिकाणी आहे. कृपा करून ती लावून घेऊ नका. शिटेचा नमुना पशुवैद्याला दाखवून जंत आहेत की कॉक्सिडिया हे कळल्यावर दिलेलं औषध लागू पडतं. अंदाजानं दिलेलं प्रतिजैविक आज गप्प बसवतं आणि पुढच्या हंगामात काहीच लागू पडेनासं करतं.

पैदास, थोडक्यात

पहिल्या वर्षी पैदास केलीच पाहिजे असं नाही. केलीत तर क्रम असा: जोडी जमल्यावर आठ-दहा दिवसांत मादी पहिलं अंडं संध्याकाळी घालते, दुसरं तिसऱ्या दिवशी दुपारी. उबवण १७-१८ दिवसांची, दोघं पाळीपाळीनं बसतात: दिवसाचा मधला भाग नर, बाकी सगळा वेळ मादी. पहिला आठवडा पिल्लांना आई-बाप दोघंही गळ्याखालच्या पिशवीत तयार होणारा दह्यासारखा पदार्थ भरवतात. त्याला कबुतराचं दूध म्हणतात. त्यावर पिल्लू इतकं झपाट्यानं वाढतं की सकाळी पाहिलेलं संध्याकाळी ओळखू येत नाही. जागेपेक्षा जास्त पिल्लं होऊ देऊ नका. नको असतील तेव्हा अंडी घातल्याबरोबर ती काढून लाकडी किंवा प्लॅस्टिकची खोटी अंडी ठेवतात.

वर्षातून एकदा सगळी पिसं बदलतात. पंखातली दहा मोठी पिसं आतून बाहेर, एका मागोमाग एक गळतात. या दिवसांत शर्यत नाही, सक्ती नाही, चांगला दाणा आणि भरपूर आंघोळ. आज उगवलेल्या पिसावर पुढचं सगळं वर्ष उडायचं असतं, आणि उपासमार किंवा आजारानं पिसावर पडलेली आडवी रेघ वर्षभर तिथेच राहते.

शर्यत

यासाठी क्लबचं सभासद व्हावं लागतं. क्लब तुमच्या ढाबळीची जागा अक्षांश-रेखांशांनी नोंदवतो, कारण प्रत्येकाचं अंतर वेगळं असतं आणि निकाल वेळेवर नाही, वेगावर लागतो. समजा तुमची ढाबळ सुटण्याच्या जागेपासून २०० किलोमीटरवर आहे आणि पक्षी १६० मिनिटांत आला. वेग झाला मिनिटाला १२५० मीटर. दुसऱ्याची ढाबळ २१२ किलोमीटरवर, पक्षी १६८ मिनिटांत आला. वेग सुमारे १२६२ मीटर. आठ मिनिटं उशिरा येऊनही तो पुढे. वारा नसताना ताशी ६० ते ८० किलोमीटर हा चांगल्या पक्ष्याचा पल्ला. पाठीवर वारा असला तर ताशी शंभराच्याही पुढे जातो.

आदल्या दिवशी पक्षी क्लबवर नेतात. तिथे पायातल्या इलेक्ट्रॉनिक चिपच्या रिंगची नोंद होते, किंवा जुन्या पद्धतीत नंबराचं रबरी वाळं चढवतात. घरी फळीवर अँटेना असेल तर पक्षी तिच्यावरून चालत गेला की वेळ आपोआप टिपली जाते. रबरी वाळं असेल तर पक्षी पकडून, ते काढून वेळ नोंदवणाऱ्या शर्यतीच्या घड्याळात टाकेपर्यंत वेळ चालूच राहते.

फक्त तब्येतीत असलेले पक्षी पाठवा. हातात घेतल्यावर छातीचं मांस गुबगुबीत आणि कातडी गुलाबी हवी, चोचीवरचा मांसल भाग खडूसारखा पांढरा. शंका आली की तो पक्षी घरी ठेवायचा, नियम एवढाच. अनुभवी लोक नर आणि मादीला आठवडाभर वेगळं ठेवतात आणि शर्यतीआधी काही मिनिटं भेटवतात. नवशिक्यानं नैसर्गिक पद्धतीनंच जावं: जोडी एकत्र, आणि दहा-बारा दिवस अंड्यांवर बसलेली किंवा घरट्यात लहान पिल्लू असलेली मादी पाठवायची. तिला घरी काय राहिलंय हे पक्कं ठाऊक असतं, आणि तिचं उडणं बघूनही ते कळतं.

शर्यतीच्या दिवशी अपेक्षित वेळेच्या तासभर आधी सगळं तयार ठेवा. छपरावर वाळत घातलेलं काढा, मांजर आणि पाहुणे लांब, ढाबळीतले बाकीचे पक्षी आत. मग खुर्ची घेऊन बसायचं आणि आकाशाच्या त्या एकाच तुकड्याकडे बघायचं. तासभर काहीच नसतं. प्रत्येक कावळा, प्रत्येक पारवा कबूतर वाटू लागतो. मग लांबवर एक ठिपका दिसतो, आणि तो वेगळा आहे हे पाहताक्षणी कळतं. तो इकडे-तिकडे वळत नाही, तो येतच असतो. ढाबळीच्या वर आला की पंख अंगाशी मिटून तो सुळकन खाली झोकून देतो, हवा कापल्याचा आवाज येतो, फळीवर पाय टेकतात. या क्षणी उठून उभं राहायचं नाही. हात थरथरत असले तरी डबा नेहमीच्याच लयीत हलवायचा. सळ्या खडखडतात, आणि तो आत असतो.

आत आला की त्याला घड्याळ, निकाल, फोटो यांच्या नादात विसरू नका. आधी पाणी, मग थोडा हलका दाणा, आणि त्याच्या जोडीदाराजवळ शांतता. जड दाणा दुसऱ्या दिवशी. किती पक्षी आले ते मोजा आणि अंधार पडेपर्यंत ट्रॅप उघडा ठेवा. कुणी राहिलं असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा उघडा.

काही पक्षी दोन-तीन दिवसांनी चालत आल्यासारखे येतात, छाती खाली गेलेली, पायाला चिखल, कधी पंखाखाली ससाण्याच्या नखाची जखम. अशा पक्ष्याला एकदम पोटभर खाऊ घालू नका. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि थोडी साखर, तासाभरानं मूठभर बारीक दाणा, जखम असेल तर पशुवैद्य. हंगामभर त्याला पुन्हा टोपलीत घालायचं नाही. आणि कधी तुमच्या फळीवर दुसऱ्याचा असा थकलेला पक्षी उतरला, तर त्यालाही हेच द्या, रिंगवरचा नंबर क्लबला कळवा आणि एक-दोन दिवसांनी, स्वच्छ सकाळी, दार उघडं ठेवून बाजूला व्हा.